भिंतीवरचे वारली आणि संकुलातले मैदान

वसई-विरार पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जी मोठी गृहसंकुले उभी राहिली, त्यांतल्या अनेकांच्या प्रवेशद्वारापाशी आता एकच दृश्य दिसू लागले आहे. कुंपणाच्या भिंतीला गेरूसारखा तांबडा रंग दिलेला असतो. त्यावर पांढऱ्या रेघांनी काढलेली, दोन त्रिकोणांच्या धडाची माणसे फेर धरून नाचत असतात आणि मध्ये एकजण तारपा वाजवीत असतो. चित्राला लागूनच पहारेकऱ्याची खोली असते, आणि तिच्यावर परवानगीवाचून आत येण्यास मनाई असल्याची पाटी. आत हिरवळीचा एक तुकडा, मुलांसाठी दोन घसरगुंड्या, क्वचित एखादे सिमेंटचे शिल्प. विक्रीच्या माहितीपत्रकात या साऱ्याला स्थानिक कलेने समृद्ध झालेले सामूहिक जीवन असे म्हटले जाते, आणि त्याची किंमत चौरस फुटाच्या दरात धरलेली असते.

या कल्पनेची टर उडवण्याचा माझा हेतू नाही. ज्या शहरात बहुतेक माणसे बाहेरून आली आहेत, ज्याचा तरुण वर्ग पहाटेची गाडी पकडतो आणि रात्री परततो, तेथे चार माणसे एकत्र येतील अशी जागा असावी आणि तिला या भूमीचे काही रूप असावे, ही इच्छा चांगलीच आहे. प्रश्न आहे तो ही जागा कुणाच्या मालकीची, तिच्यावरची कला कुणाच्या हातची आणि तिचा लाभ कुणाच्या पदरात, हा. या तीन प्रश्नांची उत्तरे न देता केलेली सजावट ही जाहिरातीच्या खर्चातली एक बाब असते, आणि तिला सार्वजनिक कला म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळून सतरा माणसे मेली. त्याच वर्षाच्या आरंभी नालासोपारा पूर्वेला, सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर उभारलेल्या एकेचाळीस अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे रस्त्यावर आली. ज्या शहरात डोक्यावरचे छप्पर भरवशाचे नाही, तेथे भिंतीवरच्या चित्रांची चर्चा म्हणजे सुखवस्तूंचा विरंगुळा नव्हे काय? मलाही आरंभी तसेच वाटले होते. परंतु जरा खोलात गेल्यावर ध्यानात आले की ज्या वृत्तीने आरक्षित भूखंड गिळला, तीच वृत्ती संकुलातले मैदानही गिळते. फक्त दुसऱ्या ठिकाणी ती कागदपत्रे नीट ठेवते. मोकळ्या जागेचे भांडण आणि घराच्या हक्काचे भांडण ही एकाच भांडणाची दोन टोके आहेत.

वसईला सार्वजनिक कला बिल्डरांनी आणलेली नाही, हे नव्या रहिवाशांना सांगायला हवे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाने आपल्या आज्ञा येथे दगडावर कोरून लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचाव्यात म्हणून. आठव्या आदेशाचा तुकडा १८८२ साली आणि नवव्याचा १९५६ साली भुईगावला सापडला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथला स्तूप उकरला तेव्हा करंडकाभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती मिळाल्या. यांतले बहुतेक आज मुंबईच्या संग्रहांत आहे. सोपाऱ्याच्या स्थानकावर रोज उतरणाऱ्या लाखो लोकांपैकी कितीजणांना आपण कोणत्या नगरात उतरलो याची कल्पना असेल? चक्रेश्वर तळ्यापाशी ब्रह्मदेवाची जी उभी मूर्ती आहे, ती पाहायला मी माझ्या विद्यार्थ्यांना नेत असे. अर्थशास्त्राच्या वर्गाला मूर्तीशी काय कर्तव्य, असे एका सहकाऱ्याने विचारलेही होते. बंदराच्या व्यापाराचा पैसा कोठे गेला हे पाहायला, असे मी उत्तर दिल्याचे आठवते.

पश्चिमेच्या गावांत जा. आळीच्या तोंडाशी, वाड्यांच्या वळणावर क्रूस उभे आहेत. काहींना चुन्याची साधी पांढरी बैठक, काहींवर दगडी नक्षी. ते देवळात नाहीत, कुणाच्या अंगणात नाहीत, वाटेवर आहेत. संध्याकाळी त्यांच्यापाशी दिवा लागतो, मे महिन्यात शेजारपाजारची माणसे जमून प्रार्थना म्हणतात, आणि प्रार्थना संपल्यावर पाण्याचा, पिकाचा, सोयरिकीचा विषय निघतो. असेच बावखलांचे. बावखल म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात मुरायचे आणि भोवतालच्या विहिरी खाऱ्या होत नसत. त्याच्या काठावर रहाट, रहाटाशेजारी माणसे. त्याला कुणी कला म्हटले नाही आणि सामुदायिक सुविधाही म्हटले नाही, पण दोन्हीचे काम ते करीत होते. किती बावखले भरून त्यांवर इमारती उठल्या, हे वसईकर जाणतात. १९८८ नंतर हरित पट्टा नागरी विकासाला मोकळा करण्याचे घाटत होते, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने जो लढा दिला, त्याचा गाभा पाणी आणि जमीन हाच होता. परंतु तो लढा लढता आला, कारण माणसांना एकत्र जमण्याच्या जागा होत्या: चर्चचे आवार, देवळाचा पार, क्रुसापुढची मोकळी जागा. संकुलांच्या रहिवाशांना उद्या असाच एखादा लढा द्यायची वेळ आली तर त्यांनी जमावे कोठे? वाहनतळात?

आता त्या भिंतीवरच्या वारल्यांकडे वळू. लग्नाच्या वेळी वारली घराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते, आणि लग्न पार पडले की त्या चित्राचे कार्यही संपते. पुढे भिंत पुन्हा सारवली जाते. ही चित्रे विक्रीसाठी नव्हती आणि कायमचीही नव्हती. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले, आणि हे लेखन पाड्याबाहेर आले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्याला जगभर नेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही लाभले. एवढे होऊनही आमच्या शहरातल्या भिंतीवर वारली चित्र काढण्यासाठी वारली माणसाला बोलवावे, असे क्वचितच कुणाला सुचते.

आमच्याच वसाहतीचे उदाहरण देतो. दोन वर्षांपूर्वी कुंपणाची भिंत रंगवण्याचे काम एका ठेकेदाराला दिले गेले. त्याने दुकानांचे फलक रंगवणारा एक होतकरू मुलगा आणला. मोबाईलवरच्या चित्रावरून त्याने पाच दिवसांत भिंत भरली. त्याला चौरस फुटावर मजुरी मिळाली. भिंतीच्या कोपऱ्यात त्याचे नाव नाही, ठेकेदाराचा दूरध्वनी क्रमांक मात्र आहे. आमच्याकडे धुणीभांडी करायला येणारी बाई पूर्वेच्या एका पाड्यावरची, वारली समाजाची. तिने ती भिंत पाहिली आणि तोंडाला पदर लावून हसू आवरले. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, “काका, ही माणसं तारप्याकडे पाठ करून नाचतात!” तारप्याकडे पाठ करायची नसते, हे आमच्या कार्यकारिणीतील कुणालाच ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. भिंतीवरची माणसे अजून तशीच नाचत आहेत. आणि ती बाई रोज त्याच भिंतीशेजारच्या खोलीत वहीत नाव लिहून आत येते, जाताना पिशवी उघडून दाखवते.

या विसंगतीला आणखी एक बाजू आहे, आणि अर्थशास्त्राचा माणूस म्हणून ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणात सूर्या नदीचे आहे. धामणी आणि कवडास येथली धरणे डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधली गेली. त्यांच्यासाठी आदिवासींनी जमिनी दिल्या. पुढे त्या पाण्याचे शहरांसाठी आरक्षण होत गेले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या सूर्या योजनेची क्षमता दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर आहे, आणि ते वसई-विरार व मिरा-भाईंदर या दोन महापालिकांनी वाटून घ्यायचे आहे. शहरवासीयांना पाणी मिळू नये असे कोण म्हणेल? गिरणगावातून आणि मुंबईच्या चाळींतून येथे फेकले गेलेले श्रमिक वर्षानुवर्षे टँकरच्या रांगेत उभे राहिले आहेत. पण वारल्यांचे पाणी नळात आणि वारल्यांचे चित्र भिंतीवर, आणि वारली स्वतः मात्र फाटकाबाहेर, ही व्यवस्था डोळ्यांना खुपत नसेल तर त्या चित्राने आपल्याला काहीच दाखवले नाही.

जमिनीच्या भावाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. बोरिवली ते विरार लोहमार्गाचे चौपदरीकरण २००७ साली झाले, ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि भोवतालची गावे मिळून महानगरपालिका झाली, सूर्याचे पाणी आले; दर टप्प्यावर जमीन महाग झाली. या वाढीत बिल्डरचे कर्तृत्व किती? रेल्वे, पाणी, रस्ते हे समाजाच्या पैशातून आले आणि त्यांचे मोल जमिनीच्या मालकाच्या हाती पडले. रिकार्डोपासून हेन्री जॉर्जपर्यंतच्या अर्थशास्त्रज्ञांनी या अनर्जित वाढीची चर्चा केली आहे. आमच्या वर्गात तो विषय परीक्षेपुरता शिकवला जाई. हिरवळ आणि चित्रित भिंत ही त्या वाढीवर चढवलेली आणखी एक पुटी. ग्राहकाला ती दोनदा विकली जाते: एकदा घराच्या किमतीत आणि नंतर दरमहाच्या देखभाल खर्चात.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा विकास करताना दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. ती दहा टक्के जागा नकाशावर असतेच. प्रत्यक्षात ती कोपऱ्यातली, तिरकी, जिच्यावर इमारत बसत नाही अशी असते. कधी तिच्यावर विक्री कार्यालय उभे राहते आणि विक्री संपली तरी हलत नाही. त्याहून मोठा घोळ मालकीचा. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याप्रमाणे सोसायटीची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण व्हावयास हवे. ते टाळले जाते म्हणून २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तरीही कितीतरी सोसायट्या वीस-वीस वर्षे जमिनीच्या मालक झालेल्या नाहीत. माणसे कर्ज फेडून थकली, पण ज्या मैदानात त्यांची नातवंडे खेळतात ते कागदोपत्री अजून दुसऱ्याचेच आहे. अशा मैदानावर शिल्प कोणते असावे हे ठरवण्याचा अधिकार रहिवाशांना आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

व्हिएन्ना शहराचा दाखला येथे उपयोगी पडेल. पहिल्या महायुद्धानंतर तेथल्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली घरबांधणी कर बसवला. तो चढत्या दराने होता, म्हणजे आलिशान घरांवर जबर आणि कामगाराच्या खोलीवर नाममात्र. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे उभी राहिली. १९३० साली खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या किलोमीटरभर लांबीच्या वसाहतीत सुमारे १,४०० घरे होती, पण बांधकामाखाली जमिनीचा पाचवा हिस्सादेखील गेला नव्हता. बाकी सारी अंगणे आणि बागा. धुलाईघर, बालवाडी, वाचनालय होते, आणि मधल्या कमानींवर मातीत घडवून भाजलेल्या चार मोठ्या आकृती होत्या. रोज कमानीखालून कामावर जाणाऱ्या माणसाला त्या आपल्या वाटत, कारण कमान त्याच्या नगरपालिकेची होती. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटर या प्रचंड बांधकाम प्रकल्पाच्या दर्शनी दालनात दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराला भित्तिचित्र काढायला सांगण्यात आले. त्याने त्यात लेनिनचा चेहरा घातला. काम थांबवण्यात आले, चित्र झाकले गेले आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये ते फोडून टाकण्यात आले. योगायोग असा की त्याच फेब्रुवारीत व्हिएन्नात कार्ल मार्क्स होफवर सरकारी सैन्याच्या तोफा डागल्या जात होत्या. पण ती वसाहत टिकली, आजही तिथे लोक राहतात. रिव्हेराने आपले चित्र मेक्सिकोत पुन्हा काढले, सरकारी इमारतीत.

आपल्याकडेही असे घडले आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी अमरनाथ सेहगल यांनी ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प केले होते. १९७९ साली ते उतरवून गोदामात टाकण्यात आले. शिल्पकाराने १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या आधारे दाद मागितली आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाखांची भरपाईही देवविली. विकलेल्या कृतीवरही कलावंताचा काही नैतिक अधिकार उरतो, हे त्यातून स्पष्ट झाले. ठेकेदाराने आणलेल्या, नाव नसलेल्या मुलाला हा अधिकार कोण सांगणार?

मग करावे काय? फ्रान्सने १९५१ पासून शाळांच्या बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखला, फिलाडेल्फिया शहराने १९५९ साली पुनर्विकासाची जमीन घेणाऱ्या बिल्डरांवर तशीच अट घातली. आपल्या महापालिकेला हे अशक्य आहे असे नाही. मात्र एक टक्का बिल्डरच्याच हाती ठेवला तर आणखी एक नाचणारी भिंत तयार होईल. तो निधी महापालिकेत जमा व्हावा आणि त्याचा विनियोग प्रभागातील रहिवासी, जवळच्या पाड्यांचे व गावठाणांचे प्रतिनिधी आणि कलावंत यांनी मिळून ठरवावा. जून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ येथे प्रशासकाचाच अंमल होता. त्या काळात कोणत्या चौकात काय उभे राहिले याची सुनावणी नागरिकांपुढे झाली नाही. ही सवय मोडायला हवी. कलावंताला त्याच्या नावानिशी, लेखी कराराने आणि दिवसाच्या मजुरीपेक्षा वेगळ्या हिशेबाने मोबदला मिळावा. वारली चित्र हवे असेल तर ते वारली स्त्री-पुरुषांकडून घ्यावे आणि काय काढायचे, काय नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. चौक हा लग्नाचा विधी आहे; तो वाहनतळाच्या भिंतीवर काढायला त्या कदाचित नकार देतील. तो नकारही मान्य करावा लागेल.

आरंभ करायला जागा तयार आहे. विरार-बोळिंज येथे म्हाडाने सरकारी जमिनीवर हजारो घरे बांधली आणि त्यांतली पुष्कळशी दीर्घकाळ विकली गेली नाहीत. ही बिल्डरची मालमत्ता नव्हे, सरकारची निर्मिती आहे. येथे फाटक असण्याचे कारण काय? तेथल्या मोकळ्या जागा आसपासच्या गावांना खुल्या कराव्यात, सोपाऱ्याच्या आदेशांच्या प्रतिकृती दगडात कोरून, मराठी अनुवादासह तेथे लावाव्यात, गावातल्या गवंड्यांना आणि सुतारांना बाके व पार घडवायला द्यावेत, आणि एखादे भरून टाकलेले बावखल जवळ असेल तर ते आधी मोकळे करावे. यातले शेवटचे काम शिल्पापेक्षा स्वस्त आहे आणि पावसाळ्यात त्याचा उपयोगही आहे. दर वर्षी आमच्या रस्त्यांवर जे पाणी तुंबते, त्याला जायला जागा उरलेली नाही.

एक शंका माझी मलाच आहे. मध्यमवर्गीय सोसायटीचा सभासद फाटक उघडायला राजी होईल काय? चोऱ्या होतील, फेरीवाले बसतील, बाहेरची मुले झोपाळे मोडतील, असे आमच्या सभेत म्हटले जाते, आणि म्हणणारी माणसे दुष्ट नाहीत; आयुष्यभराची पुंजी त्यांनी या चार भिंतींत घातली आहे. त्यांची भीती हसण्यावारी नेऊन चालणार नाही. सारे मैदान एकदम खुले करण्याऐवजी संध्याकाळचे तीन तास, रविवारी दिवसभर, असे काही करून पाहता येईल. आमच्या शेजारच्या रस्त्यावरच्या क्रुसाला कधी फाटक नव्हते आणि त्यावरची फुले कुणी चोरल्याचे मी ऐकले नाही. पण क्रुसावर कुणाचे कर्जाचे हप्तेही नव्हते, हे मला मान्य आहे.

आमच्या वसाहतीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. विषयपत्रिकेवर भिंत पुन्हा रंगवण्याचा ठराव पाचवा आहे आणि मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करण्याचा ठराव नेहमीप्रमाणे शेवटी, ‘आयत्या वेळचे विषय’ याच्या आधी टाकलेला आहे. हा क्रम उलटा करावा असे पत्र मी सचिवांना दिले आहे. भिंतीचा ठराव येईल तेव्हा तारप्याकडे पाठ केलेल्या माणसांबद्दल जिने मला सांगितले, तिला सभेत बोलावे असे मी सुचवणार आहे. ती सभासद नसल्याने तिला बोलता येईल किंवा कसे, याविषयी उपविधी काय म्हणतात ते पाहतो आहे.